चौकटीच्या पायाला न लागलेले तेल

मी, नरसिंहराव बिन त्रिविक्रमराव, वय एकोणऐंशी, धंदा दारे-चौकटी करणे, राहणार मल्लेश्वरम, बेंगळूरु, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत, पण त्या डोक्यापासून लांब आहेत, असे डॉक्टरांनीच मला हसत हसत सांगितले. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. कोणी धाक घातला असता तर हा कागद चार वर्षांपूर्वीच झाला असता आणि बरे झाले असते.

वकील भार्गवी आमच्याच नात्यातली. तिचे म्हणणे होते की कन्नडात किंवा इंग्रजीत लिहा, पुढे सोपे जाते. आमचे घराणे साडेतीनशे वर्षे या मुलखात आहे. बाजारात, गिऱ्हाइकाशी, कामगारांशी मी जन्मभर कन्नडच बोललो. पण या कागदात मला एक खोटे कबूल करायचे आहे, आणि ते रत्नाबाईशी मी ज्या भाषेत बोललो त्याच भाषेत मला लिहिता येईल. रत्नाबाई माझी पत्नी. ती २०१७ साली वारली. कन्नड प्रत भार्गवीने करून द्यायची आहे, कारण ज्याच्यासाठी हे लिहितो त्याला मराठी वाचता येत नाही.

कलम १. राहते घर.

मल्लेश्वरममधील राहते घर मुलगा सुमंत आणि मुलगी सौम्या यांना समान. विकावे की ठेवावे हे त्यांनी ठरवावे. मी वरून बघायला येणार नाही. अट एकच. घरातील सात दरवाजे होन्नेचे आहेत, त्यांना रंग लावायचा नाही. होन्ने म्हणजे महाराष्ट्रातले लोक ज्याला बिबळा म्हणतात ते लाकूड. सागवानापेक्षा जड, सोनेरी तपकिरी, मध्ये गडद रेघा. गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. त्याची रेघ एकदा या बाजूला तर एकदा त्या बाजूला वळते, म्हणून रंधा उलटा गेला की पापुद्रे उठतात आणि नवशिका रडतो. पण पाते धारदार असेल आणि हात शांत असेल तर वर जी झळाळी येते ती झाकणाऱ्याला मी माणूस समजत नाही.

सुमंतच्या महादेवपुरातील फ्लॅटमध्ये सगळे फर्निचर दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे आहे आणि सिंकखालचे कपाट दुसऱ्याच वर्षी पावासारखे फुगले. मी तेव्हा काही बोललो नव्हतो. आता लिहून ठेवतो.

कलम २. बँकेतील ठेवी आणि माझे दहन.

बँकेत जे असेल ते दोघांना समान. दहन विजेवर करावे. मला जाळण्यासाठी चांगले लाकूड वाया घालवू नये. वाईट लाकडात मी कधी काम केले नाही, तेव्हा त्यात जायचीही माझी इच्छा नाही. तेराव्याला सुमंतच्या सासऱ्यांनी माझ्या आरामखुर्चीत बसू नये. त्यांनी त्या खुर्चीला एकदा ‘जुना माल’ म्हटले होते.

कलम ३. हत्यारे.

माझ्या करवती, पटाशा, रंधे, गुण्या आणि वडिलांची लाकडी पेटी नात प्रांजली हिला. तिने मागच्या दिवाळीत स्वतःच्या हाताने एक पाट केला. त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकत नाहीत, पण ती ते बघून हसली नाही, पुन्हा घासायला लागली. तिला शिकवण्यासारखे आहे. सपाटी बघायची पाणसळ या पेटीत नाही. ती शेजारचे कृष्णमूर्ती मास्तर २००९ साली एका दिवसासाठी घेऊन गेले. ती त्यांनी प्रांजलीला परत करावी.

या पेटीत कापडात गुंडाळलेला एक लहान रंधा सापडेल. तो माझा नाही, म्हणून तो कोणाला देण्याचा अधिकार मला नाही. तो माझ्याकडच्या जुन्या सुताराचा, महांतेशचा आहे. त्याने तो पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या कारखान्यात ठेवला आणि पुन्हा न्यायला आला नाही. दर दसऱ्याला मी तो पुसतो आणि पात्याला तेल लावतो. तो परत करायचा आहे.

कलम ४. होन्नेचा पेला.

स्वयंपाकघरातील होन्नेचा पेला सौम्याला. तो माझ्या वडिलांनी माझ्या लग्नाअगोदर कातला होता. रत्नाबाईला साखरेचा आजार जडल्यावर कोणीतरी सांगितले की होन्नेच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी प्यावे. साखर किती उतरली देव जाणे. पण रोज सकाळी त्या पाण्याला पिवळट तपकिरी रंग आलेला असे, आणि खिडकीतल्या उन्हात काचेच्या भांड्यात ओतले की कडेला निळी झाक दिसे. वीस वर्षे मी ते पाणी रोज पाहिले. रोज पाहिले, हे शब्द मुद्दाम दोनदा लिहितो. त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. महांतेशबद्दल मी जे बोललो त्याविषयी.

महांतेश बिन बसप्पा हा माझ्या कारखान्यात चौदा वर्षे सुतार होता. त्याचा सांधा असा बसे की मध्ये पोस्टकार्ड जाऊ नये. मला तो रायरे म्हणे, इकडे राव लोकांना तसेच म्हणतात.

आमच्या कारखान्याचा नियम वडिलांपासूनचा. होन्नेचे नग आले की मध्ये पट्ट्या घालून थप्पी लावायची, वारा खेळता ठेवायचा, आणि तीन पावसाळे होईपर्यंत हात लावायचा नाही. कोणता नग कधी आला हे विसरू नये म्हणून प्रत्येकाच्या टोकावर पटाशीने वर्ष कोरायचे. दुसरी गोष्ट तेलाची. लाकूड अंगाने पाणी फारसे घेत नाही, टोकाने घेते. म्हणून चौकट भिंतीत बसवण्यापूर्वी तिच्या उभ्या बाजूंच्या पायांना जवसाचे तेल तीन हात पाजायचे, कारण पुढे ते पाय लादीखाली जातात आणि जन्मभर कोणाला दिसत नाहीत. पायांना तेल मालकाने लावायचे, कामगाराने नाही. हाही वडिलांचा नियम. जे दिसत नाही त्याची जबाबदारी ज्याचे नाव आहे त्याची, असे ते म्हणत.

२००० सालच्या मार्च महिन्यात मल्लेश्वरममधील एका नव्या घराची मुख्य चौकट महांतेशने केली. बसवायच्या आदल्या दिवशी त्याने मला विचारले, “रायरे, पायांना तेल?” मी म्हणालो, “मी लावतो, तू जा.” त्या संध्याकाळी आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता, माझा सत्कार होता. शाल घेऊन आलो आणि झोपलो. सकाळी मजुरांनी चौकट उचलून गाडीत घातली.

जूनमध्ये तीन दिवस पाऊस लागला. त्या घराच्या पडवीत पाणी साचले. चौकटीच्या पायथ्याशी पांढऱ्या संगमरवरावर पिवळे ओघळ पसरले आणि दरवाजा अडकू लागला. घरमालकाने लाकूडपेठेतल्या दोन व्यापाऱ्यांना बोलावले आणि त्यांच्यासमोर मला विचारले, “तीन पावसाळ्यांचं लाकूड म्हणून घेतलं ना? मग हा रंग कसा सुटला? कच्चं लाकूड दिलंत.”

त्या क्षणी माझ्या मनात महांतेश नव्हता, तेल नव्हते. माझे नाव होते, एवढेच. मी म्हणालो, माझ्या थप्पीतले लाकूड कच्चे असू शकत नाही. हे कच्चे आहे, म्हणजे हे माझ्या थप्पीतले नाही. मग सगळे माझ्याबरोबर आलेल्या महांतेशकडे पाहू लागले, कारण कापणारा आणि सांधणारा तोच होता. मी त्यांना पाहू दिले. आणि मग मीच बोट दाखवून म्हणालो, “यानं बदललं.”

महांतेशने शिवी दिली नाही, शपथ घेतली नाही. तो चौकटीपाशी वाकला, पिवळ्या ओघळावर बोट फिरवले आणि मला विचारले, “रायरे, पायांना तेल लावलं होतं का?”

बरोबर प्रश्न विचारणारा तिथे तो एकटाच होता. मी म्हणालो, “चोर तो चोर, वर मलाच विचारतोस?” आणि त्याला तिथूनच घालवला.

लाकूडपेठेत बातमी त्याच्या अगोदर पोचली. पुढच्या महिन्यात तो पाच कारखान्यांत फिरला, पाचही जागी त्याला सांगितले गेले की काम नाही. होन्ने बदलणारा सुतार कोण ठेवील? नंतर कळले की तो महादेवपुरात एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. घरमालकाने चौकट काढली नाही, तिला चॉकलेटी रंग फासला. त्या रंगाबद्दल मी वीस वर्षे सगळ्यांकडे तक्रार केली. महांतेशबद्दल कोणाकडेही बोललो नाही.

त्याच आठवड्यात रत्नाबाईने सकाळी तो पेला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “अहो, हे स्वल्प बघा. हा पेला मामंजींनी केलेला. ह्याचं लाकूड अजून कच्चं आहे काय? मग पाण्याला रंग कसा येतो?”

मी तिला म्हणालो, “लाकडातलं तुला काय कळतं?”

तिला कळले होते, आणि मलाही त्याच क्षणी कळले होते. होन्ने कितीही वाळलेले असो, उघड्या टोकाला पाणी लागले की रंग सोडते. हा लाकडाचा दोष नाही, स्वभाव आहे. तेल पाजायचे ते त्यासाठीच. लहानपणापासून मला हे ठाऊक होते, आणि रोज सकाळी माझी बायको ते माझ्यासमोर पीत होती. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. पण पुढे सतरा वर्षे ती त्या पेल्यातले पाणी माझ्यासमोर प्यायली नाही, मी आंघोळीला गेलो की पीत असे. मी त्याबद्दल तिला कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

तरीही मी मनाला समजावत असे, की कदाचित तेल लावले असेन, कदाचित त्याने खरेच बदलले असेल, पाय लादीखाली आहेत, कोण बघणार? २०२१ साली ते घर पाडले. पाडणाऱ्याला सांगून मी ती चौकट उचलून कारखान्यात आणली. चॉकलेटी रंग खरवडला. मग ती आडवी केली आणि पायांची टोके धुतली. एकवीस वर्षे ओलीत उभे राहूनही ते कुजलेले नव्हते, वाळवीचे एक भोक नव्हते. तेलाचा थेंबही तिथे कधी लागलेला नव्हता. आणि दोन्ही पायांवर माझ्याच हाताने कोरलेले होते, ९६. शहाण्णवच्या दिवाळीत थप्पीला लावलेले, तीन पावसाळे पुरे झालेले, माझे लाकूड.

महांतेशने काहीही बदलले नव्हते. मी तेल लावायला विसरलो, माझे नाव राखण्यासाठी एका चांगल्या कारागिराला चोर म्हणालो, आणि खरे कळल्यावर आणखी चार वर्षे ती चौकट गोणपाटाखाली झाकून ठेवली. मला याची लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

सुमंतला मी हे गेल्या आठवड्यात सांगितले. तो म्हणाला, “अण्णा, पंचवीस वर्षं झाली. आता कोण विचारतंय? उगाच आपलं नाव जाईल.” मी म्हणालो, त्याचे नाव गेले तेव्हा तू असे म्हणाला नव्हतास. हे मी चुकीचे बोललो. तेव्हा सुमंत कॉलेजात होता, त्याचा काही दोष नाही.

कलम ६. कारखान्याची जागा आणि थप्पी.

कारखान्याची जागा, तिच्यातील यंत्रे आणि होन्नेची थप्पी, सर्व नग वर्ष कोरलेले, ही महांतेश बिन बसप्पा यास द्यावीत. बिल्डर दोनदा येऊन गेला आहे, त्यास नाही म्हणून सांगावे. माझ्या मृत्यूनंतर कलम ५ लाकूडपेठेत कन्नडातून मोठ्याने वाचावे.

(वरील कलम ६ वर तिरकी रेघ मारली आहे. रेघेशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. नवा कागद करा, असे भार्गवी सांगत होती. मी तसे केले नाही. मी काय देऊ करत होतो आणि ते का घेतले गेले नाही, हे दोन्ही वाचणाऱ्याला दिसले पाहिजे.)

कलम ७. आज, रविवारी, काय झाले.

सौम्या सकाळी महादेवपुराला जाऊन महांतेशला कारखान्यात घेऊन आली. तो येईल असे मला वाटले नव्हते. अंगावर वॉचमनची निळी पँट होती, दुपारी ड्यूटी होती. केस सगळे पांढरे. मी उठायला गेलो तर तो म्हणाला, “बसा, रायरे.” आवाज तोच.

मी सौम्याकडून चौकटीवरचे गोणपाट काढवले. तो खाली बसला, पायाच्या टोकावर अंगठा फिरवला, कोरलेले ९६ पाहिले. मग कन्नडात म्हणाला, ते मी मराठीत उतरवतो.

“तेल लागलंच नाही.”

“नाही लागलं,” मी म्हणालो. “तू विचारलं होतंस.”

“दोनदा विचारलं होतं.”

मग भार्गवीने त्याला पाचवे आणि सहावे कलम कन्नडात वाचून दाखवले. त्याने मध्ये एकदाही मान हलवली नाही. संपल्यावर विचारले, “ही जागा मला कधी मिळणार?”

मी म्हणालो, “मी गेल्यावर.”

“आणि मी चोर नव्हतो, हे लोकांना कधी सांगणार?”

मी म्हणालो, तेही तेव्हाच.

“म्हणजे तुम्ही मेल्यावर मी चांगला माणूस होणार,” तो म्हणाला. “मी एकसष्टचा आहे, रायरे. मलाही साखर आहे. अगोदर कोण जातंय, कोणाला ठाऊक?”

पंचवीस वर्षांत मी कितीतरी उत्तरे तयार केली होती, त्यातले एकही उपयोगी पडले नाही. मग मी त्याच्यासमोर हात जोडले. त्याने ते धरून खाली केले नाहीत, तसेच जोडलेले राहू दिले. बरोबर केले.

नंतर त्याने भार्गवीला विचारले, या कागदावर साक्षीची सही कोण करणार? ती म्हणाली, एक कृष्णमूर्ती मास्तर, दुसरे अजून ठरायचे आहेत. तो म्हणाला, “मी करतो.”

भार्गवीने त्याला समजावले. “कायदा काय म्हणतो ते राहू द्या. ज्याला जागा मिळते त्यानंच साक्ष घातली, की उद्या कोर्टात पहिलं बोट तुमच्याकडंच येणार. एक तर घेणारे व्हा, नाही तर साक्षीदार.”

“बोट एकदा आलं ते पुरे,” तो म्हणाला. “जागा बिडी.” म्हणजे जाऊ द्या. “चोराला कोणी साक्षीला बोलवत नाही, अम्मा. सही मी करतो.”

मी त्याला पुष्कळ सांगून पाहिले. त्याच्या मुलीचे, चंदनाचे नाव घालतो म्हणालो. तो म्हणाला, चंदना नर्स आहे, तिला थप्पीचे काय करायचे? मग स्वल्प हसला. मग थप्पीपाशी गेला, खालची ओळ हाताने चाचपली आणि म्हणाला, ही उलटायला झाली, वारा लागत नाही. चार वर्षांपूर्वीच उलटायला हवी होती. ते खरे आहे. रंधा त्याने कापड सोडून पाहिला, पाते अंगठ्यावर लावून बघितले आणि पिशवीत टाकला.

तेव्हा कलम ६ रद्द. कारखान्याची जागा सुमंत आणि सौम्याला समान, त्यांनी बिल्डरला दिली तरी माझी हरकत नाही. थप्पी मात्र प्रांजलीला. तिने एकही नग शिकल्याशिवाय कापू नये, आणि जी चौकट करील तिच्या पायांना तेल स्वतः लावावे, कितीही सत्कार असले तरी.

ती जुनी चौकट कोणालाही देऊ नये. ती कारखान्यात पाय वर करून उभी ठेवावी, म्हणजे येणाऱ्याला टोके दिसतील.

या कागदातील बाकी सर्व माझ्या मृत्यूनंतर लागू होईल. कलम ५ आजपासून लागू आहे. येत्या बुधवारी महांतेशची सुट्टी आहे. त्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर लाकूडपेठेत जाणार आहे. ज्या दोन व्यापाऱ्यांसमोर मी ते बोललो, त्यातला एक वारला, दुसरा अजून काठी टेकत दुकानात येऊन बसतो. कलम ५ ची कन्नड प्रत मी स्वतः त्याच्यासमोर वाचीन. सुमंतला यायचे असेल तर त्याने यावे. नळ्या बुधवारपर्यंत टिकल्या नाहीत तर सौम्याने वाचावे, पण त्याच बुधवारी.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि ते खरे आहे. यापूर्वी मी जे काही यासंबंधी बोललो ते खरे नव्हते.

ठिकाण: मल्लेश्वरम, बेंगळूरु
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) नरसिंहराव बिन त्रिविक्रमराव

आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर वरील इसमाने शुद्धीत, स्वतःच्या हाताने सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) कृष्णमूर्ती, वय ७४, राहणार मल्लेश्वरम. व्यवसाय: निवृत्त शिक्षक. (पाणसळ आज परत आणून दिली. नरसिंहराव.)

साक्षीदार २: (सही, कन्नडात) महांतेश बिन बसप्पा, वय ६१, राहणार महादेवपुरा. व्यवसाय: सुतार.